गोष्ट लिहू की लेख? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच अडचणीभोवती फिरतात. लेख जमतो पण गोष्ट जमत नाही, किंवा हातात सामग्री भरपूर आहे पण तिचं चरित्र करावं की कादंबरी, हे ठरत नाही. म्हणून हे सदर या वेळी त्याच प्रश्नांना दिलं आहे. पत्रं जागेपुरती आखूड केली आहेत.

केळीवरचे माझे लेख नेहमी छापून येतात. वादळात बाग आडवी झालेल्या एका शेतकऱ्याची कथा लिहिली, तर ती सगळीकडून परत आली. शेरा एवढाच: ‘माहितीपर वाटते.’ कथेतली एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. मग बिघडलं कुठे?
— निवृत्त कृषी सहाय्यक, रावेर तालुका

लेखाच्या वाचकाला विषयाची गरज असते. केळी का पडते हे त्याला जाणून घ्यायचं असतं, म्हणून तो आपणहून येतो आणि एखादा परिच्छेद कंटाळवाणा झाला तरी पुढे वाचतो. कथेच्या वाचकाला तुमच्या शेतकऱ्याची गरज नसते. पुढचं पान उलटायचं कारण प्रत्येक वेळी तुम्हालाच तयार करावं लागतं. माहिती कितीही पक्की असली तरी ती हे काम करत नाही.

तुमच्याच विषयावर हे तपासू. लेखात तुम्ही सांगाल की केळीचं खोड म्हणजे पानांच्या तळाकडच्या आवरणांची एकावर एक गुंडाळी, त्यात लाकूड नाही. मुळं जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली. बाग निसवली, म्हणजे घड बाहेर पडले, की शेंड्याला वीस-पंचवीस किलोचा घड लटकतो, तोही एका अंगाला. त्यामुळे मे-जूनच्या वादळी वाऱ्यात झाड मध्येच मोडतं नाहीतर मुळासकट उपटतं. बांधावर शेवरीचं कुंपण आणि घडाला टेकू हा उपाय सांगितला, पंचनामा आणि फळपीक विमा यांची प्रक्रिया दिली, की लेख पुरा होतो.

तीच सामग्री कथेत जशीच्या तशी घातली की काय होतं? वारा येतो, बाग पडते, शेतकरी बांधावर डोक्याला हात लावून बसतो. दुःख खरं आहे, पण या सगळ्यात जे केलं ते वाऱ्यानेच. माणसाने काहीच केलेलं नाही, आणि वाऱ्याला ‘असं का केलंस’ हे विचारता येत नाही.

म्हणून आदल्या दिवसापासून सुरुवात करा. व्यापाऱ्याचा माणूस बागेत आला आहे. आज संध्याकाळी कटाई लावायला तो तयार आहे, पण बोर्ड भावापेक्षा, म्हणजे बाजारात त्या दिवशी जाहीर झालेल्या भावापेक्षा, क्विंटलमागे दीडशे रुपये कमी देईन म्हणतो. घड भरायला अजून आठ दिवस आहेत. आभाळ दाटलेलं. मोठा भाऊ म्हणतो, देऊन टाक. आपला माणूस नाही म्हणतो. तो नाही का म्हणतो? गेल्या हंगामात याच माणसाने वजनात मारलं म्हणून? सल्ला भावाने दिला एवढ्याच कारणाने? की घरी मुलीच्या फीचा आकडा सांगून बसला आहे आणि दीडशेने कमी घेतले तर तो आकडा जुळत नाही म्हणून? यातलं एक कारण तुम्ही पक्कं केलंत की रात्रीचा वारा बागेबरोबर त्याच्या निर्णयावरही येतो. नुकसान तेवढंच, झाडं तेवढीच, पण आता सकाळी भावाला तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि तुमची कथा खरं म्हणजे तिथून पुढे आहे.

परत आलेली कथा टाकून देऊ नका, ती अशी दुरुस्त करता येईल. प्रत्येक प्रसंग एका चिठ्ठीवर एका ओळीत उतरवा. मग चिठ्ठ्यांचा क्रम बदलून पाहा. क्रम बदलूनही गोष्ट चालली, तर प्रसंग एकमेकांतून निघालेले नाहीत, नुसते तारखेने लावलेले आहेत. त्यानंतर प्रत्येक चिठ्ठीवर मुख्य माणसाने काय ठरवलं, नाकारलं, लपवलं किंवा मागितलं ते लिहा. ज्या चिठ्ठीवर असं काहीच लिहिता येत नाही ती बाजूला काढा. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या अशाच निघतात. लेख लिहिणाऱ्याला पार्श्वभूमी आधी सांगायची सवय असते, त्यामुळे त्याची कथा तिसऱ्या-चौथ्या पानावर सुरू होते.

शेवटी लाल पेन घ्या आणि पात्राला आधीच ठाऊक असलेली, केवळ वाचकासाठी लिहिलेली वाक्यं अधोरेखित करा. ‘मृगबाग म्हणजे जून-जुलैत लावलेली केळी’ असं रावेरचा शेतकरी मनाशी म्हणत नाही. लेखात दीड बाय दीड मीटर अंतर आणि हेक्टरी ४४४४ झाडं हा हिशेब हवाच. कथेतला माणूस ‘पाच हजार खोड आहे’ एवढंच बोलेल. एखादी माहिती दिल्यावाचून गोष्ट कळतच नसेल, तर ती वादातून येऊ द्या. व्यापाऱ्याच्या माणसाने घडाला हात लावून ‘कोवळा आहे’ म्हणावं, आपल्या माणसाने फण्या मोजून दाखवाव्यात. भाव, घडाचा भराव, आठ दिवसांची घाई, सगळं दोन ओळींत येतं आणि कुणीही व्याख्यान देत नाही. ढोबळ मानाने, जमवलेल्या पंधरा तपशिलांपैकी लेखात बारा येतात. कथेत तीन-चार पुरतात, पण ते त्या माणसाच्या नजरेला पडतील असेच हवेत.

सारंगखेड्याच्या यात्रेत अनेक वर्षांनी दोन दुरावलेले भाऊ अचानक भेटले, ही खरी घडलेली घटना मी कथेत घेतली. वाचणारे म्हणतात, पटत नाही. खरं असूनही?
— शिक्षिका, शहादा

‘खरंच घडलं’ हा पुरावा लेखात चालतो, कारण तिथे तुम्ही तारीख, फोटो, भावांची नावं देऊ शकता. कथेत यातलं काहीच मांडता येत नाही. तिथे भेटीची तयारी आधी करावी लागते. दत्तजयंतीच्या सुमाराला तिथे घोड्यांचा बाजार भरतो आणि बाहेरच्या राज्यांतलेही व्यापारी येतात, हे तुमच्या हातातलं साधन आहे. एक भाऊ दरवर्षी घोडी विकायला येतो आणि हे दुसऱ्याला माहीत आहे, एवढं पहिल्या पानावर येऊ द्या. मग भेट योगायोग राहत नाही. उलट इतकी वर्षं हा दुसरा भाऊ यात्रा का टाळत होता, असं वाचक विचारू लागतो. आम्हाला तर तो भेटीपेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

कथेत अहिराणी किती वापरावी? सगळे संवाद अहिराणीत लिहिले तर पुण्या-मुंबईचे संपादक कळत नाही म्हणतात, प्रमाण मराठीत लिहिले तर माणसं खोटी वाटतात.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे

संवाद अहिराणीत, निवेदन प्रमाण मराठीत, ही बहुतेक कथांना पेलणारी वाट आहे. वाचक अडतो तो नामांपाशी, व्याकरणापाशी नाही. ‘मना’, ‘तुना’, ‘माले’, ‘तुले’, ‘शे’, ‘आठे’, ‘तठे’ हे दोन पानांत कानात बसतं. म्हणून हा भाग कुठेही सोडू नका. एका वाक्यात ‘मना’ आणि पुढच्यात ‘माझा’ आलं की पात्र तिथेच मोडतं. अनोळखी नाम मात्र अशा जागी ठेवा की बाजूच्या कृतीतून ते उकलेल. म्हातारी दाराकडे बघत ‘मना आंडोर आज बी उना नही’ म्हणाली आणि तिने वाढलेलं ताट झाकून ठेवलं, तर कुणालाही शब्दकोश लागत नाही. कंसात अर्थ देऊ नका. कंस आला की लेखक मध्ये येऊन उभा राहतो.

याहून मोठी चूक वेगळीच असते, आणि ती खानदेशातले लोक लगेच पकडतात. सगळ्या खानदेशाला एकच बोली नाही. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर पट्ट्यात अहिराणी चालेल. पण यावल-रावेरकडच्या लेवा पाटीदार घरात लेवा गणबोली बोलली जाते, बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांची बोली तीच. सातपुड्यात पावरी आणि भिलोरी, शहादा भागातल्या गुजर घरात गुजरी. कथा कुठल्या गावात आणि कुठल्या घरात घडते हे ठरवल्याशिवाय संवादाचं पहिलं वाक्य लिहू नका. लिहून झाल्यावर त्या घरातल्या बोलीचा जाणकार गाठा आणि त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा.

लेखात हे स्वातंत्र्य नाही. मुलाखतीतलं वाक्य अवतरणचिन्हांत टाकलंत तर ते बोललं गेलं तसंच हवं. प्रमाण मराठीत आणलंत तर चिन्हं काढा आणि ‘त्यांचं म्हणणं असं की’ अशा वाटेने जा. ध्वनिमुद्रण, तारीख आणि ठिकाण जपून ठेवा.

माझे आजोबा १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनात स्वयंसेवक होते, असं घरात सांगतात. एक फोटो, चार पत्रं आणि आत्याच्या आठवणी एवढंच हाती आहे. चरित्र लिहू की कादंबरी?
— बँक कर्मचारी, अमळनेर

घाई न करता आधी एक वही घ्या आणि पानाचे तीन रकाने पाडा: कागदावर आहे ते, कुणीतरी सांगितलं ते, आणि काहीच माहीत नाही ते. तिसऱ्या रकान्यात कोणता प्रश्न बसतो, त्यावर निर्णय ठरतो. आजोबा किती तारखेला निघाले, कुठे उतरले, एवढंच अज्ञात असेल तर चरित्र लिहा आणि ‘याची नोंद मिळत नाही’ असं सरळ सांगा. चरित्रात मोकळी जागा मोकळी ठेवणं ही लबाडी नाही, तो प्रामाणिकपणा आहे. पण ते घर सोडून का गेले, परत आल्यावर गप्प का झाले, हा गाभ्याचा प्रश्नच तिसऱ्या रकान्यात असेल आणि तुम्हाला लिहायचंही तेच असेल, तर ती कादंबरी आहे. तेव्हा आजोबांचं नाव बदला आणि ‘सत्यकथा’ हा शब्द मुखपृष्ठावर येऊ देऊ नका. चरित्र म्हणून लिहायचं आणि मनातले विचार स्वतः रचून घालायचे, हा मधला मार्ग मात्र घेऊ नका. एक रचलेली ओळ सापडली की वाचक उरलेल्या सगळ्या खऱ्या ओळींवरही शंका घेतो.

शोध दोन्हीसाठी करावा लागतो. जन्म-मृत्यूसाठी गावचं कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्यासाठी फेरफार नोंदी. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ मध्ये सुरू झालं, तिथल्या संग्रहाची चौकशी करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा खंड १८८० चा आहे. पिकं, बाजार, रस्ते यांचं जुनं चित्र त्यातून मिळतं, पण १९३६ साठी तो थेट वापरू नका, मधे छप्पन्न वर्षं गेली आहेत.

आत्यांना ‘कोणत्या साली’ असं विचारू नका. साल आठवत नाही, आणि आठवल्यासारखं वाटलं तर बहुधा चुकतं. ‘तेव्हा आपल्याकडे सालदार कोण होता? आखाजीला बदलला होता का?’ असं विचारा. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला शेतमजूर. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं, त्यामुळे घरची आठवण त्या दिवसाला बांधलेली असते. लग्नं, बाळंतपणं, पूर, पुढच्या काळासाठी बहात्तरचा दुष्काळ, या खुणांवरून साल काढता येतं. एकच गोष्ट दोन-तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा विचारा. दोन्ही वेळा जे तसंच येतं ते दुसऱ्या रकान्यात वर ठेवा.

कादंबरी केलीत तर काळाच्या चुका सांभाळा, कारण तिथे तुमच्या मदतीला तळटीप येत नाही. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग १९०६ मध्ये पडले, म्हणून १९३६ चं फैजपूर हे पूर्व खानदेशातलं. तेव्हाच्या माणसाच्या तोंडी ‘जळगाव जिल्हा’ येणार नाही. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे, म्हणून ‘पंचवीस पैशांचा चहा’ नको, चार आणे म्हणा. आणि १९३६ मध्ये एका चहाला चार आणे फार झाले, हेही बघा. पुढच्या पिढीतल्या पात्राने जळगावात १९८५ ला पदवी घेतली असेल तर ती पुणे विद्यापीठाची. जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये झालं.

अधिवेशनाचे दिवस २७ आणि २८ डिसेंबर, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरायची ती पहिली वेळ. सजावट नंदलाल बोस यांनी खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून केली होती. चरित्रात हे सगळं एका परिच्छेदात येईल. कादंबरीत तुमच्या स्वयंसेवकाला यातलं किती दिसलं ते ठरवा. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. घरात माणसं कमी पडत असताना तो अधिवेशनात बांबू वाहत होता. वडिलांशी त्याचं भांडण लावायला आणखी काही शोधावं लागणार नाही.

गावातल्या एका माणसावर कथा लिहिली आहे. नाव बदललं आहे. एवढं पुरतं का?
— पाचोरा

पुरत नाही. गावात माणूस नावावरून नाही तर घर, धंदा आणि नात्यांवरून ओळखला जातो. कथेतला माणूस कोण हे वाचणाऱ्याला कळत असेल, तर बदललेलं नाव बचावाला येईलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानीचं कलम ३५६ आहे, आणि मयत माणसाची बदनामीही काही परिस्थितीत त्यात बसते. विरोधाभास असा की या बाबतीत लेख लिहिणारा अधिक सुरक्षित असू शकतो: मजकूर खरा आहे आणि तो लोकहितासाठी छापला, असा अपवाद त्या कलमात आहे. कथाकाराने तर खऱ्यात स्वतःच्या कल्पनेची भर घातलेली असते, आणि नेमकी ती भर खरी म्हणून सिद्ध करता येत नाही.

उपाय लेखनातच आहे. त्या माणसाचा तुम्हाला हवा असलेला एकच गुण किंवा एकच कृत्य ठेवा. वय दहा वर्षांनी हलवा, धंदा बदला, मुलांची संख्या आणि गाव बदला. जिनिंगमधला मुकादम असेल तर त्याला पतपेढीत बसवा. बदलताना कथा अडली, तर ती त्या माणसावर उभी होती, तुमच्या कल्पनेवर नव्हती. अशी कथा छापायला देण्याआधी वकिलाला दाखवा.

लेखात संवाद आणि प्रसंग घातले तर तो लेख राहतो का?
— चोपडा

राहतो, जर प्रसंग तुम्ही पाहिला असेल किंवा पाहिलेल्या माणसाकडून ऐकून तसं नमूद केलं असेल. हवामान, कपडे, खोलीतला उजेड हेही रचायचं नाही. प्रसंग लेखाच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच ठेवा, नाहीतर मुद्दा सांगायला जागा उरत नाही.

दोन्ही लिहायची इच्छा आहे. सुरुवात कशी करू?
— गृहिणी, जामनेर

आधी लेख. एखादी कृती घ्या जी तुम्हाला पाठ आहे, उदाहरणार्थ भरीत. तीनशे शब्दांत असं लिहा की कधी भरीत न केलेल्या माणसाला ते करता यावं: वांगी कोणती, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ किती, साल कधी सोलायची, बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या भांड्यात, मिरची-लसूण आधी की वांगं आधी, कांद्याची पात आणि शेंगदाणे कधी पडतात, तेल किती. मग ते खरंच अशा माणसाला द्या आणि त्याने कुठे कुठे विचारलं त्या जागा मोजा. प्रत्येक प्रश्न म्हणजे तुम्ही गृहीत धरून सोडलेली एक पायरी.

दुसऱ्या दिवशी तेच भरीत, तेवढेच शब्द, पण आता शेतात चूल पेटली आहे आणि दोन जावा वांगी भाजताहेत. सकाळपासून त्या एकमेकींशी बोललेल्या नाहीत. का, ते त्या सांगणार नाहीत आणि तुम्हीही सांगायचं नाही. बडगी कोण धरतं, मिरच्या किती पडतात, पहिली भाकरी कुणाला वाढली जाते, एवढ्यावरून ते कळलं पाहिजे. ‘राग’, ‘अबोला’, ‘दुःख’ हे शब्द वापरायचे नाहीत. लिहून झालं की कुणाला तरी वाचून दाखवा, दोनशे शब्दांवर थांबा आणि पुढे काय होईल असं विचारा. ऐकणाऱ्याला काहीच सुचलं नाही, तर दोघींपैकी एकीला काय हवं आहे ते तुम्ही अजून ठरवलेलं नाही. ते एका ओळीत वहीत लिहा आणि प्रसंग पहिल्यापासून पुन्हा लिहा.